कषायांची ओळख आणि तरुण मन



परीक्षेचा निकाल मनासारखा न लागल्याने दार लावून बसलेल्या मुलाला वडीलधारी मंडळी सहज म्हणतात, "त्यात रडण्यासारखे काय आहे?" हेतू प्रेमाचाच असतो, परंतु मूल त्यातून एवढेच शिकते, की दुःख लपवावे. लपविलेले दुःख पुढे चिडचिड, अबोला वा निद्रानाश होऊन प्रकटते.

जैन दर्शनाने मनोविकार दडपण्यापूर्वी ओळखण्यास शिकविले आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. शोक, भय, अरती आदी नऊ नोकषाय. क्रोधाच्याही चार प्रती सांगितल्या आहेत: दगडावरील, जमिनीवरील, वाळूतील आणि पाण्यावरील रेषेसारख्या. "आजचा राग कोणत्या रेषेचा?" एवढे घरात विचारले, तरी मूल स्वतःच्या मनाकडे पाहू लागते. रागामागे दुखावलेला मान आहे की अपयशाचे भय, हे उमगले म्हणजे संयमाला वाट सापडते.

४८ मिनिटांची सामायिक हा समभावाचाच अभ्यास होय. आलोचनेत साधक गुरूंपुढे निःसंकोच बोलतो. तसाच विश्वास मुलांना आई-वडिलांपाशी लाभावा.

मात्र उदासी हटेना, जीव नकोसा झाल्याचे बोल निघाले, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. उपचार घेणे म्हणजे श्रद्धेतील उणेपण नव्हे.

क्षमापनेच्या दिवशी 'मिच्छामि दुक्कडं' प्रथम मोठ्यांनी लहानांना म्हणावे. मुले मन मोकळे करण्याचा धडा तेथूनच घेतील.

जय जिनेंद्र!