डिस्क दुसऱ्याच्या हाती देताना



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज एकाच प्रश्नावर सविस्तर बोलायचे आहे. डेटा रिकव्हरी हे पुणे शहर व जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या संगणक दुरुस्ती व्यावसायिकांपैकी बहुतेकांचे मुख्य काम नाही. तरीही बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन गिऱ्हाईक आधी आपल्याच काउंटरवर येते, मग दुकान तापकीर गल्लीत असो की हडपसरला. ती डिस्क पुढे कोणत्या कंपनीकडे जाणार हेही व्यवहारात आपणच ठरवतो; गिऱ्हाइकाने त्या कंपनीचे नाव अनेकदा ऐकलेलेही नसते. ही निवड आपण कशावरून करतो? कमिशन किती मिळते, डिस्क न्यायला माणूस येतो का, आणि जाहिरातीत यशाचा टक्का किती लिहिला आहे, यावरून. या तीन गोष्टींवरून कंपनीची लायकी कळत नाही, आणि यातली पहिली तर आपला निर्णयच बिघडवते, असे माझे म्हणणे आहे. काम जमले नाही तेव्हा कंपनी काय करते, काय सांगते आणि काय लिहून देते, यावरून भागीदार पारखला पाहिजे.

अपयशावर एवढा भर देण्याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. चालू हार्ड डिस्कमध्ये हेड प्लॅटरपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. म्हणून डिस्क उघडायची तर स्वच्छ कक्ष लागतो. ज्याला क्लास १०० म्हणतात त्या कक्षात एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त असून चालत नाहीत. हेड बदलायचे तर त्याच मॉडेलची, जुळणारी डोनर डिस्क लागते. नुसता सर्किट बोर्ड बदलूनही आताच्या डिस्क चालत नाहीत, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये नोंदलेली असते. टकटक आवाज करणारी डिस्क ‘एकदा बघू’ म्हणून पुन्हा पुन्हा चालू केली, की बिघडलेले हेड प्लॅटरवरचा चुंबकीय थर खरवडते. खरवडलेल्या जागचा डेटा कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. मदरबोर्ड एकाकडे दुरुस्त झाला नाही तर आपण दुसऱ्याकडे पाठवतो आणि बहुतेक वेळा काम होते. डिस्कच्या बाबतीत पहिला हात चुकीचा पडला, तर दुसऱ्या हातासाठी काही उरेलच असे नाही. म्हणून आपल्या कंपनीला जे जमणार नाही ते ती हात लावण्याआधी सांगते की हात लावून झाल्यावर, हा माझ्या मते पहिला प्रश्न आहे.

लवकर हार मानणे हेही तितकेच वाईट. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळले, तेव्हा त्यातल्या एका वैज्ञानिक प्रयोगाची हार्ड डिस्क जळून, वितळून काही महिन्यांनी एका कोरड्या तलावाच्या पात्रात सापडली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला बहुतेक सगळा डेटा परत मिळवला आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्या जॉबशीटवर ‘डेड’ असा शेरा मारण्याआधी तो शेरा मारण्याइतकी तपासणी आपल्या टेबलावर होऊ शकते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. काय शक्य आहे आणि काय नाही हे कारणासह सांगणारा माणूस आपल्याला हवा आहे, आणि भागीदारीची खरी गरज तीच आहे.

आता यशाच्या टक्क्याकडे येतो. ‘पंच्याण्णव टक्के यश’ म्हणजे कशाचे पंच्याण्णव टक्के? आपल्या शहरातली गिऱ्हाइके डोळ्यांसमोर आणा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे प्रकाशक, अक्षरजुळणी करणारे आणि छोटे छापखाने यांच्याकडे पंचवीस-तीस वर्षांची पुस्तके पेजमेकरच्या फायलींमध्ये आहेत. त्यांतला मराठी मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये आहे. कुठे सी-डॅकच्या आयएसएमचा, कुठे पुण्यातच घडलेल्या श्री-लिपीचा. अशा डिस्कवरून फायली परत आल्या पण फाँटचे फोल्डर आले नाही, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. कंपनीच्या हिशेबात हे यश असते आणि प्रकाशकाच्या हिशेबात पुस्तक गेलेले असते. फाइल सिस्टिम मोडलेली असेल तर काही वेळा फक्त फायलींच्या अंतर्गत खुणा शोधून त्या बाहेर काढाव्या लागतात. मग फायलीचे नाव जाते, फोल्डरची रचना जाते, आणि हजारो फायली नुसत्या क्रमांकांनी हाती येतात. त्या उघडून, ओळखून लावायला प्रकाशकाकडे माणूस कुठे असतो? कर सल्लागाराची गोष्ट वेगळी, पण अडचण तीच. टॅलीचा हिशेब एका फायलीत नसून कंपनीच्या क्रमांकाच्या फोल्डरमधल्या अनेक फायलींत विभागलेला असतो. बाकी सगळ्या आल्या आणि एखादी महत्त्वाची बिघडली, तर टक्का चांगला दिसतो आणि हिशेब उघडत नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवावी लागतात आणि वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने. त्या कार्यालयाला टक्क्याने काय समाधान मिळणार? म्हणून यशाची व्याख्या काम सुरू होण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावी. कोणती दहा फोल्डर त्याला हवीच आहेत, आणि ती उघडून कोण पाहणार, हे त्यात असावे. ही व्याख्या मान्य करून तिच्यावर बिल ठरवणारी कंपनी कमी टक्का सांगत असली तरी मी तिला पसंती देईन.

कमिशनचा विषय अवघड आहे, पण टाळता येणार नाही. वैद्यकीय क्षेत्रात याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात आणि त्यावर महाराष्ट्रात उघड चर्चा झाली आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत निषिद्ध आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला. आपल्या व्यवसायाला असा कुठलाही नियम नाही, पण दोष तोच आहे. गिऱ्हाईक आपल्या सल्ल्यावर विसंबून असते आणि त्या सल्ल्याची किंमत तिसराच कोणी गुपचूप देत असतो. कमिशन बिलाच्या टक्केवारीत असेल तर स्वस्त उपाय सुचवण्यात आपले नुकसान होते. ते फक्त यशावर मिळणार असेल, तर ‘आता थांबा, डिस्क तशीच ठेवा’ हा कधीकधी सर्वांत योग्य असलेला सल्ला देण्यात आपला काहीच फायदा राहत नाही. यावर आक्षेप येईल की दुकानाचे भाडे, माणसाचा वेळ, डिस्कची ने-आण, गिऱ्हाइकाचे रोजचे फोन, हे सगळे फुकट करायचे का? अजिबात नाही. त्या श्रमाचे पैसे घेतलेच पाहिजेत. मात्र ते आपल्या जॉबशीटवर, आपल्या नावाने, ठरलेल्या रकमेत, काम होवो न होवो. अशी उघड आकारणी मान्य न करता बंद पाकिटाचाच आग्रह धरणारी कंपनी आपले अंदाजपत्रकही तितक्याच मोकळेपणाने मांडेल, असे मला वाटत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी डिस्क पुढे पाठवली म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. दुरुस्तीसाठी घेतलेली वस्तू ही १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो तितकी तिची घ्यावी, असे कलम १५१ सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७२अ, करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती गैरहेतूने उघड करणाऱ्याला शिक्षा सांगते. त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि आपल्या वतीने डेटा हाताळणाऱ्याशी वैध करार करणे बंधनकारक आहे. म्हणजे उद्या एखादे रुग्णालय किंवा पतसंस्था डिस्क देताना आपल्याकडे लेखी करार मागेल, आणि आपण तो देणार असू तर आपल्या मागे उभ्या असलेल्या कंपनीकडूनही तसाच करार हातात हवा. त्या कंपनीला विचारायचे प्रश्न असे: डिस्क नक्की कोणत्या पत्त्यावर उघडली जाणार, आणि शहरातले कार्यालय फक्त स्वीकृती केंद्र आहे का. ती वाटेत कोणाकोणाच्या हातून जाणार. काढलेल्या प्रती किती दिवस ठेवणार आणि पुसल्याचे पत्र देणार का. काम न झाल्यास डिस्क कोणत्या अवस्थेत परत येणार. एवढी उत्तरे कागदावर मिळत नसतील तर पुढची बोलणी करू नयेत.

‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ या हमीने प्रश्न सुटतो, असे अनेकांना वाटते. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, हा तिचा चांगुलपणा खरा. पण अवघड डिस्क उघडून, जमत नाही म्हणून परत बंद करून पाठवली, तर बिल शून्य येते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेची संधी मात्र खर्ची पडलेली असते. त्यामुळे हमीच्या जोडीला अपयशाचा लेखी अहवाल मागावा. हेडची अवस्था काय होती, प्लॅटरवर ओरखडे होते का, डोनर वापरली का, प्रत किती सेक्टरपर्यंत गेली, हे त्यात हवे. असा अहवाल द्यायला प्रामाणिक कंपनीला अडचण नसते, कारण या नोंदी ती स्वतःच्या कामासाठी ठेवतच असते. मोठे नाव आणि आयएसओ २७००१ प्रमाणपत्र पुरेसे आहे, हा दुसरा आक्षेप. प्रमाणपत्राला किंमत आहे, पण त्यावर कार्यक्षेत्र आणि पत्ता छापलेला असतो. तो पत्ता आपली डिस्क जिथे उघडणार तिथलाच आहे का, एवढे वाचून पाहावे.

रॅन्समवेअरच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. अमेरिकेतील प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये उघड केले, की स्वतःच्या तंत्राने फायली सोडवतो असे सांगणाऱ्या दोन कंपन्या प्रत्यक्षात हल्लेखोरांनाच खंडणी देत होत्या आणि वर आपला आकार लावत होत्या. म्हणून अशा कामात ‘कसे करणार’ हा प्रश्न आडून न विचारता सरळ विचारावा, आणि ‘आमचे गुपित आहे’ हे उत्तर स्वीकारू नये. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात कित्येक प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. गिऱ्हाइकाला खर्च सांगण्याआधी तिथे पाहणे हे आपले कर्तव्य आहे.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप, आणि तो सामान्य गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. प्रयोगशाळेचा खर्च त्याला परवडत नाही. मग आपणच सॉफ्टवेअर लावून प्रयत्न का करू नये? डिस्क निरोगी असेल आणि फायली चुकून पुसल्या किंवा फॉरमॅट झाली असेल, तर जरूर करावा. फक्त मूळ डिस्कला न छेडता आधी पूर्ण प्रत काढून त्या प्रतीवर. एसएसडीवर पुसलेला डेटा ट्रिममुळे बहुधा परत येत नाही, आणि बिटलॉकरची किल्ली हरवली असेल तर प्रयोगशाळाही काही करू शकत नाही. हे काउंटरवरच सांगितले तर गिऱ्हाइकाची फरफट वाचते. आवाज करणारी, पडलेली किंवा भिजलेली डिस्क मात्र परवडत नाही म्हणून आपण उघडायची, हे योग्य नाही. पैसे नसतील तर ती न उघडता, तारीख लिहून गिऱ्हाइकाच्या कपाटात राहू द्यावी. वर्षभराने पैसे जमले तर संधी शाबूत असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. अशा वेळी भिजलेली डिस्क उन्हात किंवा ड्रायरने वाळवून चालू करण्याकडे लोकांचा ओढा असतो. वाळताना चिखल आणि क्षार प्लॅटरवर घट्ट बसतात. ती ओलसर ठेवून, हवाबंद पिशवीत घालून, वीज न जोडता प्रयोगशाळेत पाठवायला हवी. एवढे लिहिलेला साधा कागद पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दुकानात लावायला भागीदार कंपनीने आपल्याला मदत करावी, ही अपेक्षा मी कमिशनच्या वर ठेवतो.

एकेकट्या छोट्या दुकानदाराच्या अटी कोणती कंपनी ऐकणार, ही शंका रास्त आहे. म्हणून माझा प्रस्ताव या परिषदेपुढे ठेवतो. करारपत्राचा एक सामाईक मराठी नमुना आपण तयार करावा. त्यात कामाचा पत्ता, यशाची व्याख्या, अपयशाचा अहवाल, प्रती पुसण्याची मुदत आणि उघड आकारणी ही कलमे असावीत. त्यासोबत एक सामाईक नोंदवही ठेवावी. कोणत्या प्रकारची डिस्क कोणत्या कंपनीकडे गेली, काय सांगितले गेले आणि काय झाले, एवढेच त्यात लिहावे. गिऱ्हाइकाचे नाव नको, डेटाचा तपशील नको. नमुन्याचा पहिला मसुदा आज दुपारच्या सत्रात आपल्यासमोर येईल. अपयशाच्या अहवालाच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि ज्यांच्याकडे कंपन्यांचे जुने अहवाल आहेत त्यांनी गिऱ्हाइकाची नावे झाकून ते सत्रात आणावेत, अशी माझी विनंती आहे.