पद जाण्याच्या अलीकडची शिक्षा



नगरसेवकांच्या आचारसंहितेचा फेरविचार हा यंदाच्या परिषदेचा विषय आहे. नगरसचिव म्हणून महापौरांच्या शेजारी बसून मी अनेक सभांची इतिवृत्ते लिहिली. त्या अनुभवावरून सांगतो, नियमांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. नियम मोडल्यावर द्यायची मधली शिक्षाच नाही.

1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम उघडून पाहा. पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर नगरसेवक अपात्र ठरतो. त्याने, पत्नीने, पतीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कोणी बेकायदा बांधकाम केले तर अपात्र ठरतो. गैरवर्तनासाठी पदावरून दूर करण्याचा अधिकार शासनाला आहे. पक्षांतरासाठी 1986 चा वेगळा कायदा आहे. या साऱ्यांचा शेवट एकाच शिक्षेत होतो: पद जाणे. शिक्षा एवढी मोठी, म्हणून पुरावाही तेवढाच भक्कम लागतो. मग तक्रार, सुनावणी, अपील, न्यायालय, स्थगिती. नातेवाइकाच्या नावावर कंत्राट असेल तर संबंध सिद्ध करण्यातच मुदत संपून जाते.

आता दुसरी बाजू बघा. सभागृहात कोणी गोंधळ घातला, राजदंड पळवला, तर महापौर त्याला सभागृहाबाहेर काढू शकतात, काही दिवस निलंबितही करू शकतात. म्हणजे मधली शिक्षा कायद्याला ठाऊक आहे. ती आवाज चढवणाऱ्याला मिळते. शांत बसून आपल्या फायद्याच्या विषयाला हात वर करणाऱ्याला मिळत नाही. ही विसंगती मला नोकरीभर सलत राहिली.

कारण खरे नुकसान त्या शांततेतच होते. सभा तहकूब होत होत पुढे जाते, उपस्थिती विरळ असते आणि आयत्या वेळचे विषय येतात. मूळ प्रस्ताव रस्त्याचा, त्याला उपसूचना भलत्याच भूखंडाची. ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो आणि पान उलटते. कोणी बाजूने होते, कोणी विरोधात, कोणाचा त्यात संबंध होता, यातले काहीही कागदावर राहत नाही. उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र फक्त त्या दिवसाची मालमत्ता सांगते. पुढच्या पाच वर्षांत हितसंबंध बदलतात, शपथपत्र बदलत नाही.

पुणे नगरपालिकेचे एक जुने उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी 1,000 रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. 32 नामनियुक्त सदस्यांपैकी जोतीराव फुले या एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते सरकारने नेमलेले सदस्य होते, मतदारांचा दबाव नव्हता, आचारसंहिता नव्हती. तरी जनतेच्या पैशाचा हिशेब त्यांनी मांडला. कोण कोणत्या बाजूला होते हे कळले, म्हणून आज आपण त्याबद्दल बोलू शकतो.

परदेशातला अनुभवही तपासायला हवा. इंग्लंडमध्ये 2000 च्या कायद्याने नगरसेवकांच्या वर्तनावर देखरेख करणारे स्वतंत्र मंडळ आले. 2011 च्या कायद्याने ते गुंडाळले आणि नगरसेवकाला निलंबित करण्याचा अधिकारही गेला. उरली ती निंदा आणि समितीवरून दूर करणे. सार्वजनिक जीवनातील मानके पाहणाऱ्या समितीने 2019 मध्ये सहा महिन्यांपर्यंत, भत्त्याविना निलंबनाची शिफारस केली. सरकारने 2022 मध्ये ती मानली नाही. डिसेंबर 2024 मध्ये नव्या सरकारने त्याच प्रश्नावर लोकांची मते मागवली. त्यांच्याकडे फक्त सौम्य शिक्षा उरल्या, आपल्याकडे फक्त पद काढणे. दोन्हीकडे रोजच्या गैरवर्तनाला मोकळीक मिळाली.

निवाडा कोणी करायचा, हा अवघड प्रश्न आहे. सभागृहाकडे दिला तर बहुमतवाले विरोधकांना घरी पाठवतील. मंत्रालयात ठेवला तर सत्ता बदलली की फायलीची दिशा बदलते. केरळने पंचायती आणि नगरपालिकांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला, तिथे उच्च न्यायालयाची न्यायाधीश राहिलेली व्यक्ती बसते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही 2007 मध्ये स्थानिक लोकपालाची शिफारस केली होती. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

नगरसेविकांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट नमूद करतो. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. प्रभाग कार्यालयात त्यांच्या खुर्चीवर पती बसून अधिकाऱ्यांना आदेश देत असतील, तर तोही आचारसंहितेचाच विषय आहे. असे आदेश न ऐकण्याचे लेखी संरक्षण तरी अधिकाऱ्यांना मिळाले पाहिजे.

आपल्या ठरावाच्या मसुद्यात मी चार मागण्या घातल्या आहेत. प्रत्येक नगरसेवकाने हितसंबंधांची नोंद दरवर्षी करावी आणि ती कोणालाही पाहता यावी. सभेच्या सुरुवातीला हितसंबंध जाहीर करून संबंधित सदस्याने त्या विषयापुरते बाहेर जावे, आणि हे इतिवृत्तात यावे. खर्चाच्या प्रत्येक विषयावर नावानिशी मतदान व्हावे. ताकीद, भत्ता रोखणे, समितीतून निलंबन आणि सभागृहातून निलंबन असा शिक्षेचा चढता क्रम असावा, आणि तो स्वतंत्र लोकपालाच्या हाती असावा.

दुपारच्या सत्रात हा मसुदा चर्चेला येईल. नगरसेवक मित्रांना यातले एखादे कलम जाचक वाटत असेल, तर त्यांनी ते उघडपणे बोलावे. विरोधही नावानिशी नोंदवून घेण्याची सूचना मी परिषदेच्या सचिवांना दिली आहे.