चाड्यावरची मूठ



पाऊस होऊन वाफसा आला, की पाभर शेतात जायची. बैल हाकायला घरधनी, आणि त्याच्या मागोमाग चाड्यावर मूठ धरायला घरची बाई. मूठ सैल सुटली तर रोपांची दाटी व्हायची. आखडली तर तासात नांगे पडायचे. घराचे वर्षाचे धान्य त्या बोटांवर असे. आणि तरी आपण म्हणत आलो, "शेत धन्याचे, बाई हाताखाली!"

माझी आजी अशीच चाड्यावरची. पेरणीपासून खुरपणी, राखण, काढणी, मळणी, सगळ्यांत ती होती. जोंधळ्याची टपोरी कणसे ती उभ्या पिकातच हेरून ठेवी. त्यांचे बी उन्हात वाळवायचे, राख चोळायची, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. घरात पोरे भुकेली होती. पण त्या मडक्याला तिने कोणाला हात लावू दिला नाही. पुढच्या मृगाला आमचे शेत त्याच बियाण्यावर पेरले गेले.

अशा बाईचे नाव सातबाऱ्यावर कुठे आहे? १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला वाटा दिला. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. कायदा झाला, पण रिवाज हटला नाही. आमच्या आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या, तेव्हा मी तिथेच होतो. चहा झाला, साड्या दिल्या. मी शिकलेला माणूस, पण एक शब्द बोललो नाही. त्याची खंत आजही आहे.

उलट उदाहरणेही आहेत. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन जमीन बायकोच्या नावे केली. संयुक्त राष्ट्रसंघाने तर २०२६ हे वर्षच शेतकरी स्त्रीचे म्हणून जाहीर केले.

गुरुजी, मुलांना एक काम द्या. घरच्या आजीला विचारा, बी कसे राखत होतीस? ती सांगेल ते वहीत उतरवा, तिच्या नावासकट.

आणि शेतकरी दादांनो, हारतुरे नकोत. तलाठ्याकडे जाल तेव्हा सातबाऱ्यावर आईचे, बायकोचे नाव आहे का, एवढे पाहा. नसेल तर लावून घ्या.