शेरवुडचा जुना ओक

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशर परगण्यात, एडविनस्टोव नावाचे एक खेडे आहे. त्याच्या लगतच शेरवुडचे अरण्य सुरू होते. भूर्ज आणि ओक यांच्या विरळ सावलीतून पायवाटेने काही वेळ चालत गेले, की एका मोकळ्या जागेत एक प्रचंड वृक्ष समोर येतो. त्याला ‘मेजर ओक’ म्हणतात. या नावाचा ‘मोठा ओक’ असा अर्थ करण्याचा मोह होतो. परंतु त्याचा उगम निराळा आहे. हेमन रूक नावाच्या एका निवृत्त लष्करी मेजरने १७९० साली या भागातील उल्लेखनीय ओकवृक्षांची सचित्र वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्याच्या हुद्द्यावरून पुढे या वृक्षाला हे नाव पडले.

या वृक्षाच्या बुंध्याचा घेर १० मीटरांहून अधिक असून फांद्यांचा विस्तार सुमारे २८ मीटर भरतो. त्याचे वय ८०० ते ११०० वर्षे असावे, असे मानतात. अंदाजात एवढी तफावत का, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. वृक्षाचे वय खोडातील वार्षिक वलयांवरून मोजतात; परंतु येथे आतला गाभाच नाहीसा झाला आहे, आणि त्याबरोबर सर्वांत जुनी वलयेही गेली आहेत. तेव्हा घेरावरून तर्क करणे एवढेच हाती राहते.

याच पोकळीत रॉबिन हूड आपल्या साथीदारांसह लपत असे, अशी दंतकथा आहे. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या या बंडखोराच्या कथा सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकांत घडल्या असे सांगितले जाते. वरील अंदाज खरा धरला, तर त्या काळी हा ओक कोवळे रोप तरी असेल, किंवा फार तर भर तारुण्यातला धडधाकट वृक्ष. माणसे लपतील एवढी पोकळी ही उतारवयाची खूण होय. तथापि दंतकथेला पंचांग पाहावे लागत नाही, आणि या कथेच्या ओढीनेच असंख्य माणसे या वृक्षापाशी येत राहिली.

आतून पोकळ झालेला वृक्ष जगतो कसा? खोडाचा मधला भाग हा मुळात मृत काष्ठाचा असतो. पाणी वर नेणारे रसकाष्ठ, पानांत तयार झालेले अन्न वाहून नेणारा थर आणि नवे काष्ठ निर्माण करणारा थर हे सारे सालीखालच्या तुलनेने अरुंद पट्ट्यात असतात. कवके गाभा कुजवतात. परंतु हा पट्टा शाबूत असेल, तर वृक्ष शतकानुशतके पालवत राहतो. त्या कुजलेल्या लाकडात कीटक वाढतात आणि ढोलीत पक्षी व वटवाघुळे आश्रय घेतात. ब्रिटनमध्ये ओकशी संबंधित सुमारे २३०० जातींच्या सजीवांची नोंद झाली आहे. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील विख्यात वटवृक्षाचे मुख्य खोड कवकाच्या उपद्रवामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी तो पारंब्यांच्या आधारावर विस्तारत गेला. ओकला मात्र पारंब्या नाहीत. त्याच्या जड फांद्यांना सावरण्यासाठी माणसाने विसाव्या शतकात आधी साखळ्या बांधल्या, नंतर टेकू दिले.

परंतु या वृक्षाला खरा धोका वरच्या भारापेक्षा खालच्या मातीतून होता. ओकची बहुतेक मुळे भूपृष्ठापासून फार खोल जात नाहीत. आडवी पसरत ती फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पोहोचतात. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतून त्यांना हवा व पाणी मिळते, आणि तेथेच त्यांच्याशी सहजीवन करणारी कवकेही नांदतात. पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने येणाऱ्या, बुंध्याला हात लावणाऱ्या, ढोलीत शिरून छायाचित्रे काढणाऱ्या माणसांच्या पावलांखाली ही माती चोपून घट्ट झाली. पावसाचे पाणी मुरेनासे झाले, आणि मुळे गुदमरू लागली. कुऱ्हाडीपासून बचावलेला वृक्ष भक्तांच्या गर्दीने संकटात आला. अखेर १९७०च्या दशकात त्याच्याभोवती कुंपण घालण्यात आले. मातीला पुन्हा मोकळेपणा आणण्याचे प्रयत्न त्यानंतरही होत राहिले. परंतु शंभर-दीडशे वर्षांत दडपलेली माती चार-दोन वर्षांत सैल होत नाही.

कुंपणाबाहेर थांबावे लागले, की लांबून आलेल्या माणसाचा प्रथम विरस होणे स्वाभाविक आहे. इतके अंतर तोडून यावे आणि सालीला स्पर्शही करू नये! परंतु वृक्षाचा विस्तार केवळ डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो. ज्या जमिनीवर आपण उभे असतो, तीही त्याच्याच देहाचा भाग असते. आपल्याकडे गावोगावच्या वड-पिंपळांभोवती श्रद्धेने पार बांधले जातात, आणि अलीकडे पाराभोवतीचे अंगणही बुंध्यापर्यंत सिमेंटने झाकले जाते. बसायला जागा स्वच्छ होते, पण त्याखालच्या मुळांना पाणी आणि हवा कोठून मिळावी, याचा विचार सहसा होत नाही. बुंध्याभोवती निदान थोडी माती उघडी ठेवली, तरी त्या वृक्षाची ती मोठीच सेवा होईल.