पात्याचा बाक आणि टक्केवारीचा हिशेब
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्यातील कित्येक घरांतली माणसे नोकरीसाठी विमानाने आखाती देशांत जातात. त्या विमानाचे जेट इंजिन कसे चालते? पुढून आलेली हवा कॉम्प्रेसर दाबतो, तिच्यात इंधन जळते आणि तापलेला वायू टर्बाइन फिरवून मागून वेगाने बाहेर पडतो. कॉम्प्रेसरला फिरवणारी शक्तीही या टर्बाइनचीच. म्हणजे कमाईचा मोठा हिस्सा घरखर्चातच जातो.

आता हिशेब करू. टर्बाइन १०० भाग शक्ती देते आणि हवा दाबण्यास मुळात ५४ भाग पुरेत, असे धरा. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर तो ६० भाग घेईल, ४० उरतील. ती ६० टक्केच असेल तर तो ९० भाग घेईल. उरतील अवघे १०. १९०३ साली नॉर्वेच्या एलिंग यांचे गॅस टर्बाइन फक्त ११ अश्वशक्ती देऊ शकले, त्यात या ओढाताणीचा मोठा वाटा होता.

दोष कोठे होता? कमी दाबाकडून जास्त दाबाकडे हवा नेणे म्हणजे तिला चढावर चढवणे. पात्याने तिला एकदम फार वळवले की ती पात्याची पाठ सोडते, भोवरे उठतात आणि शक्ती वाया जाते. १९२६ साली इंग्लंडच्या ए. ए. ग्रिफिथ यांनी गणिताने हे दाखवून दिले. प्रत्येक पाते हा विमानाचा छोटा पंख समजून त्याचा बाक आणि कोन ठरवावा, असे त्यांनी मांडले. म्हणूनच फिरत्या व स्थिर पात्यांच्या रांगा एकाआड एक लावतात आणि दाब थोडाथोडा वाढवतात. पात्याचे टोक मुळापेक्षा वेगाने फिरते, म्हणून त्याला लांबीभर पीळ देतात.

पालकहो, मी फळ्यावर मांडतो तो हा हिशेब शाळेतल्या टक्केवारीचाच आहे. तरीही गणितात हुशार असलेल्या मुलीची शाळा दहावीनंतर थांबते, आणि मुलाला पासपोर्टची घाई होते. विमानात बसायला तिकीट पुरते. त्याचे पाते घडवायला मात्र आणखी सहा-सात वर्षांचे शिक्षण लागते. तेवढी वर्षे आपल्या मुलामुलींना द्या, एवढीच माझी विनंती.

अल्लाह त्यांच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज.