बोटात अंगठी अडकली तर

बोट चेंगरलं, गांधीलमाशी चावली, की बोट सुजतं आणि अंगठी निघत नाही. जोर लावून ओढू नका, सूज आणखी वाढते.

आम्ही गटातल्या बाया असं करतो. हात दहा मिनिटं डोक्याच्या वर धरायचा, मग थंड पाण्यात बुडवायचा. खोबरेल किंवा साबण लावून अंगठी फिरवत सरकवायची. तरी नाही निघाली, तर दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडे घ्यायचं. बाकीचा दोरा अंगठीला लागून सांध्याच्या पुढपर्यंत घट्ट गुंडाळायचा. मग तळहाताकडचं टोक नखाकडे ओढत उलगडायचं. अंगठी पुढे सरकते. जखम असेल, हाड मोडल्याची शंका असेल, तर दोरा बांधू नका.

बोट निळं, पांढरं, बधिर पडलं, तर लगेच दवाखाना. तिथं अंगठी कापतात. त्यात अपशकुन कसला? सोनार डाग देऊन अंगठी जोडतो, बोट नाही जोडत.

गरोदर बाईनं अंगठी, जोडवी सूज येण्याआधीच काढावीत. हात-तोंड सुजून डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर अंगठीपाशी थांबू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या, आशाताईंना सांगा.