चिलापीचे मूळ घर

उजनीसारख्या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या बांधवांना चिलापीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. या नावाखाली आज तिलापिया गटातील एकाहून अधिक जातींचे मासे विकले जातात. त्यांपैकी भारतात प्रथम आलेल्या मोझांबिक तिलापियाविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

हा मासा मूळचा आग्नेय आफ्रिकेतील. झांबेझीचा खालचा प्रवाह, लिंपोपो आणि तेथून दक्षिणेकडे पूर्व किनाऱ्याला मिळणाऱ्या नद्या हे त्याचे माहेर. विल्हेल्म पीटर्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८५२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मासा गोड्या पाण्यातला. परंतु खाडीचे खारे पाणीही त्याला सोसते. शेवाळ, कुजका पालापाचोळा, किडे, लहान मासे यांपैकी जे मिळेल त्यावर तो गुजराण करतो.

त्याचे अपत्यसंगोपन विलक्षण आहे. विणीच्या काळात नर काळा होतो, गळा पांढरा दिसू लागतो आणि परांच्या कडा तांबड्या होतात. उथळ पाण्याच्या तळाशी तो वाटोळा खळगा करतो व त्याची राखण करतो. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेऊन निघून जाते. काही दिवसांत अंडी तोंडातच फुटतात. पिले पोहू लागल्यावरही संकटाची चाहूल लागताच आईच्या मुखात शिरतात. या काळात मादी जवळजवळ उपाशी असते. अंडी थोडी असली तरी त्यांतील पुष्कळ पिले जगतात, याचे रहस्य या मातृत्वात आहे.

याच गुणांमुळे माणसाने त्याला देशोदेशी नेले. १९३९ साली तो जावा बेटावर आढळला. १९५२ साली भारतात आला. गरिबांना स्वस्त प्रथिने मिळावीत, हा हेतू चांगलाच होता. परंतु तळ्यात दाटी झाली की, अर्धी वीतही लांबी भरलेली नसताना हा मासा विऊ लागतो. मग तळे खुरट्या माशांनी भरते आणि कटला, रोहू यांसारख्या देशी माशांच्या अन्नात वाटेकरी वाढतात. १९५९ साली देशात त्याच्या प्रसारावर निर्बंध आले. तोवर तो अनेक पाण्यांत रुजला होता. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीतही त्याचे नाव आहे.

आता या कथेची दुसरी बाजू पाहा. परमुलखात शिरजोर झालेला हा मासा स्वतःच्या घरी मात्र संकटात आहे. जलद वाढणारा नाईल तिलापिया मत्स्यशेतीसाठी तेथे नेण्यात आला आणि तेथून नद्यांत उतरला. १९९०च्या दशकात तो लिंपोपोत आढळला. या दोन भाऊबंदांचा संकर होतो आणि संकरित संततीही प्रजननक्षम असते. त्यामुळे मूळ वंशाची शुद्धता पिढ्यान्‌पिढ्या विरत चालली आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने मोझांबिक तिलापियाचा समावेश आता धोक्यात आलेल्या जातींत केला आहे. ही हानी केवळ आफ्रिकेची नव्हे. खारे पाणी सोसणारे नवे वाण तयार करताना मत्स्यसंवर्धकांना याच वंशाचा आधार घ्यावा लागतो. मूळ वंश नाहीसा झाला, तर तो कोणत्याही प्रयोगशाळेत नव्याने घडविता येणार नाही.

मित्रहो, दोष माशाचा नाही. एका नदीचा जीव दुसऱ्या नदीत सोडणे क्षणाचे काम आहे; तो परत काढणे बहुधा अशक्य असते. तिलापियाचे संवर्धन शासनाची परवानगी घेऊन व ठरवून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारच करावे. तळ्याचा सांडवा व पाण्याची वाट जाळीने बंदिस्त ठेवावी. उरलेले मत्स्यबीज ओढ्यात किंवा नदीत कदापि सोडू नये. जे लिंपोपोत घडले, ते आपल्या नद्यांतील देशी माशांच्या वाट्याला येऊ नये, याची राखण आपल्याच हाती आहे.